लोधिवलीच्या बेसवाल्याने चाळीस किलो का उचलावेत?

‘हलका अ‍ॅम्प म्हणजे पोकळ आवाज’ हे वाक्य आपल्याकडच्या वादकांत इतक्या खात्रीने बोललं जातं की पुरावा मागणाऱ्याचेच कान कच्चे ठरतात. रायगड जिल्ह्यातल्या लोधिवली, चौक, मोहोपाडा, कर्जत या पट्ट्यात हळदीला, लग्नातल्या संगीतला, गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला बेस गिटार वाजवणारी मंडळी तशी मोजकी. त्यातला एखादा पोरगा नवा अ‍ॅम्प घ्यायला निघाला की जुन्याजाणत्यांचा सल्ला ठरलेला असतो. ट्यूबचा घे. ट्यूबचा परवडत नसेल तर निदान जुन्या धाटणीचा, आत भला मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला घे. उचलताना कंबर बोलली पाहिजे, तरच आवाजात ऊब येते. ती दोन किलोची डबी घेऊन स्टेजवर चढशील तर ढोलकीखाली चिरडला जाशील.

या सल्ल्यात काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी पुढे मान्य करणार आहे. पण ज्या कारणासाठी तो दिला जातो ते कारण टिकत नाही. आणि तो ऐकून जे लोक एका हळदीपायी आठवडाभर कंबरेला पट्टा लावून फिरतात, त्यांच्यासाठी तरी याचा पुरता समाचार घेतला पाहिजे.

वजन आलं कुठून, ते आधी पाहू. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला बेसमन नावाचा अ‍ॅम्प काढला. एकच पंधरा इंची स्पीकर आणि पंचवीसेक वॉट. अँपेग कंपनीचा पोर्टाफ्लेक्स बी-15 हा 1960 चा. आजही ऊबदार बेसचा मानदंड म्हणून त्याचंच नाव निघतं, पण त्याची ताकदही एवढीच. हे अ‍ॅम्प छोट्या क्लबांसाठी होते आणि तिथे ते पुरत होते. पुढे साठच्या दशकाच्या शेवटी रॉक बँड मोठमोठ्या मैदानांत आणि बंदिस्त क्रीडागृहांत वाजवू लागले. त्या काळच्या पीए यंत्रणेतून जेमतेम गाणाऱ्याचा आवाज बाहेर पडायचा. बेस शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर तो बेसवाल्याच्या स्वतःच्या अ‍ॅम्पमधूनच. त्या अडचणीला उत्तर म्हणून 1969 मध्ये अँपेगने एसव्हीटी आणला. तीनशे वॉट, सगळे ट्यूबचे. नुसतं हेड सुमारे 38 किलो, आणि आठ दहा-इंची स्पीकरचं त्याचं कॅबिनेट साठ किलोंच्या पुढे. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर त्याचे नमुने वापरले. म्हणजे हे वजन ऊब आणण्यासाठी चढलेलं नव्हतं. बेस वाहून न्यायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून ते चढलं.

आता आपल्या मांडवात या. साऊंडवाला टेम्पोतून काय उतरवतो? टॉप आणि बेस. त्याच्या भाषेत ‘बेस’ म्हणजे अठरा इंची स्पीकरचे ते काळे पेटारे, आणि त्यांच्यापुढे तुमचं आठ स्पीकरचं कॅबिनेटही शरमेल. तुमच्या गिटारची वायर डीआय बॉक्समधून त्याच्या मिक्सरला जाते आणि पाहुण्यांच्या छातीत जे धडकतं ते त्याच्या पेटाऱ्यांतून येतं. स्टेजवरचा तुमचा अ‍ॅम्प तुम्हाला, ढोलकीवाल्याला, ऑक्टोपॅडवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला ऐकू आला की त्याचं काम झालं. तेवढ्यासाठी 1969 च्या क्रीडागृहाचं ओझं लोधिवलीहून कर्जतच्या फार्महाऊसपर्यंत कशाला वाहायचं?

यावर उत्तर येतं, ‘ताकदीचं सोड, ट्यूबच्या ऊबेचं बोल.’ बोलू. ट्यूबचा अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेजवळ गेला की लाटेची टोकं एकदम तुटत नाहीत, हळूहळू दबतात. त्यामुळे मूळ स्वराच्या पटीतले काही स्वर त्यात मिसळतात, जोरात छेडलेली तार थोडी दाबली जाते, हळू छेडलेली वर येते आणि कानाला भराव जाणवतो. हे सगळं खरं आहे. पण हा गुण ज्यांनी घडवला असं आपण मानतो, त्यांना तो दोष वाटत होता. अँपेगचे संस्थापक एव्हरेट हल जॅझमधले बेसवादक. आवाज फाटलेला त्यांना मुळीच खपत नसे. बेसमनचं तर त्याहून मजेदार. बेसच्या आवाजाला तो लवकर फाटायचा, म्हणून गिटारवाल्यांनी तो उचलला, आणि इंग्लंडात मार्शल यांचा पहिला अ‍ॅम्प त्याच्याच आराखड्यावर बेतला गेला. बेससाठी केलेला अ‍ॅम्प बेससाठी अपुरा पडला आणि गिटारचा देव झाला!

शिवाय ट्यूबची ही ऊब मिळते ती अ‍ॅम्प दामटल्यावर. तीनशे वॉटच्या हेडचे पॉवर ट्यूब दबायला लागतील इतक्या आवाजात तुम्ही चौकच्या मंगल कार्यालयात वाजवणार आहात का? ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ते किती पाळले जातात हे हळदीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तो वेगळा विषय. पण कुठलाही शहाणा साऊंडवाला तुम्हाला स्टेजवर एसव्हीटी पेटवू देणार नाही, कारण त्याचा आवाज गाणाऱ्याच्या माईकमध्ये शिरेल. मग तो अठ्ठावीस अंश उकाड्यात मागे तापत बसणार, नॉब दोनवर. त्या पातळीला त्याचे पॉवर ट्यूब स्वच्छ आवाज देतात, म्हणजे ज्यासाठी ते आणले ते करतच नाहीत. जी काही रंगत येते ती प्रीअ‍ॅम्पमधल्या छोट्या ट्यूबची, आणि ती छोटी ट्यूब दोन-तीन किलोच्या हेडमध्येही बसवता येते, अनेक कंपन्या बसवतातही.

हलक्या अ‍ॅम्पमधून नेमकं काय काढून टाकलंय, तेही एकदा नीट बघायला हवं, कारण ‘काहीतरी काढलंय म्हणूनच हलका आहे’ ही शंका रास्त आहे. काढलंय ते लोखंड आणि तांबं. भिंतीतून येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं पुरी करते. इतक्या संथ विजेसाठी ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा लागतो. ट्यूबच्या अ‍ॅम्पला असा आणखी एक ट्रान्सफॉर्मर स्पीकरच्या आधी लागतो, कारण ट्यूबची आणि आठ ओहमच्या स्पीकरची परस्पर जुळणी होत नाही. आणि बेसचे खालचे स्वर न गमावता पुढे पाठवायचे तर तोही दणकट हवा. वजनाचा मोठा वाटा या दोघांचा. हलक्या अ‍ॅम्पमध्ये स्विचिंग सप्लाय आधी विजेची लय सेकंदाला लाखभराच्या घरात नेतो. मग तेवढीच ताकद काडेपेटीएवढ्या गाभ्यातून जाते. पुढचा क्लास डी पॉवर अ‍ॅम्प सिग्नलला अतिवेगाने चालू-बंद होणाऱ्या ठोक्यांत बदलतो आणि शेवटी गाळणीतून पुन्हा मूळ लाट काढतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा स्पीकरला पोचते, म्हणून उष्णता उधळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाकळ्याही लागत नाहीत. या सगळ्यात आवाजाची गोलाई कुठे गेली? गोलाई ठरते त्याआधी, प्रीअ‍ॅम्पमध्ये, आणि नंतर, स्पीकरमध्ये. ॲग्विलारचा टोन हॅमर 500 हा हेड जेमतेम 1.8 किलोचा आहे. त्याचा ड्राइव्ह नॉब थोडा वर केला की आवाज भरतो आणि वरची कड मावळते. डोळे बांधून बसवलं तर किती जण त्याला ‘डबी’ म्हणून ओळखतील, याची मला शंका आहे.

आता ऊब म्हणजे कानाला नेमकं काय लागतं, हा खरा प्रश्न. बेसची सर्वांत खालची ई तार 41 हर्ट्झला वाजते. त्या लाटेची लांबी सव्वाआठ मीटर. लोक समजतात की ऊब म्हणजे हा तळ. तसं असतं तर राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस आपल्या आईवडिलांना कधीच ऐकू आला नसता. घरोघरी ट्रान्झिस्टर होता आणि त्याच्या चार इंची स्पीकरला 41 सोडाच, 80 हर्ट्झही धड येत नव्हते. तरी बेस ऐकू आला, आवडला, लोक तो तोंडाने गुणगुणले. कारण मूळ स्वर गाळला गेला तरी त्याच्या पटीतले वरचे स्वर कानावर पडले की मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. ऊब साधारण 80 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात असते, त्याच्या जरा वरच्या मिडमध्ये असते, आणि तीन-चार हजार हर्ट्झच्या पुढची खरखर किती झाकली यावर असते. हा पट्टा वाजवायला दहा किलोचा बारा इंची कॉम्बोही पुरतो.

आणि जेम्स जेमर्सन? ऊबदार बेसचं नाव निघालं की हे नाव निघतंच, निघायलाच हवं. डेट्रॉइटच्या मोटाउनमध्ये साठच्या दशकात या माणसाने जे वाजवलं, त्याच्या सावलीत आजही जगभरचे बेसवादक उभे आहेत. क्लबात वाजवताना ते बी-15 वापरत, हे आमचे ट्यूबभक्त मित्र आवर्जून सांगतात. मात्र मोटाउनच्या स्टुडिओत बेस सहसा डीआयमधून थेट मिक्सरला जायचा, हे सांगायचं राहून जातं. त्या ऊबेत अ‍ॅम्प नव्हताच. होता एक 1962 चा प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट गुंडाळीच्या तारा, ज्या ते तुटल्याशिवाय बदलत नसत. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे तार फार वेळ झणझणू नये. आणि उजव्या हाताचं एकच बोट. आपल्याकडचा पोरगा चकचकीत गोल गुंडाळीच्या नव्या तारा चढवतो, टोनचा नॉब पूर्ण उघडा ठेवतो, पिकने वाजवतो, आणि मग ऊब नाही म्हणून अ‍ॅम्पला शिव्या देतो. फ्लॅटवाउंड तारांचा संच काही हजारांत येतो. फोमचा तुकडा तर फुकट. अ‍ॅम्प बदलण्याआधी हे करून बघायला काय हरकत आहे, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

इथे मी कबुलीच्या भागाकडे येतो, कारण जुनी मंडळी अगदीच हवेत बोलत नाहीत.

पहिली गोष्ट, ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकरच्या पडद्याला घट्ट धरून ठेवत नाही. स्पीकरची स्वतःची अशी एक झुलण्याची जागा असते, बहुधा 50 ते 100 हर्ट्झच्या दरम्यान. ट्यूबचा अ‍ॅम्प त्याला तिथे थोडं झुलू देतो, आणि त्या जागेचे स्वर फुगून येतात. क्लास डी अ‍ॅम्प तो पडदा लगेच आवरतो. त्यामुळे तोच स्पीकर त्याच्यावर कोरडा वाटू शकतो. हा फरक ऐकू येतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो काही जादूचा नाही. तेवढ्या जागी ईक्यू दोन-तीन डेसिबल वर केला आणि हलकासा कॉम्प्रेसर लावला की तो बराचसा भरून निघतो. शंभर टक्के नाही. मांडवात ऐंशी टक्के पुरतात.

दुसरी गोष्ट वॉटची, आणि इथे मी हलक्या अ‍ॅम्पच्या विक्रेत्यांच्या विरोधात जुन्यांच्या बाजूने उभा आहे. पेटीवर ‘500 वॉट’ छापलेलं असतं ते चार ओहमला. तुम्ही आठ ओहमचं एकच कॅबिनेट जोडलंत की त्याच हेडमधून अडीचशे-तीनशेच निघतात. फेंडरच्या रंबल 500 या कॉम्बोचं उदाहरण घ्या. सोळा-साडेसोळा किलो, म्हणजे खरंच हलका. पण त्याचे पूर्ण 500 वॉट मिळतात ते बाहेरून दुसरं कॅबिनेट जोडल्यावर. आतल्या स्पीकरवर 350. कंपनी हे माहितीपत्रकात लिहिते, दुकानातला माणूस सांगत नाही. त्यात ठोक्याची ताकद वेगळी आणि धरून ठेवलेल्या स्वराची वेगळी. काही हलके अ‍ॅम्प लांब, खालच्या स्वरावर लिमिटरच्या आडोशाला जातात. तार छेडली की ‘धुम्’ येतो, मग आवाज गळतो. ज्यांनी हा अनुभव एकदा घेतला ते आयुष्यभर ‘हलकं ते पोकळ’ म्हणत राहिले, त्यांना दोष कसा देणार?

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ती अ‍ॅम्पची नसून पेटीची आहे. स्पीकरशास्त्रात हॉफमन यांच्या नावाने एक नियम सांगतात, त्याला लोखंडी नियम असंच म्हणतात. खोल बेस, छोटी पेटी आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. जुना अनुभव असलेल्या माणसाने ज्या जड सामानाची ऊब अनुभवली, त्यातली बरीचशी त्या मोठ्या पेटीची होती. त्याने श्रेय ट्यूबला आणि ट्रान्सफॉर्मरला दिलं, कारण उचलताना तेच जाणवलं. म्हणून माझं म्हणणं असं: हेडमध्ये वजन वाचवा, बिनधास्त वाचवा. पेटीच्या आकारमानात मात्र कंजुषी करू नका. दोन किलोचं हेड आणि बुटाच्या खोक्याएवढं कॅबिनेट घेऊन ‘आवाज पोकळ आहे’ म्हणणाऱ्याने जुन्या मंडळींच्या हातात आयतं कोलीत दिलं.

पेटी मोठी असूनही हलकी असू शकते. पातळ, हलक्या लाकडाच्या प्लायची, आत आडव्या पट्ट्यांनी ताणलेली. भुशाच्या बोर्डाची नको. खालापूर-कर्जतच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात, स्क्रू सुटतात आणि मग पेटीच स्वरागणिक खडखडते. लोहचुंबकही आता निओडायमियमचं मिळतं. 1980 च्या दशकात ते निघालं आणि स्पीकरच्या मागची ती फेराइटची जाड चकती गेली. माझ्या मते या भागातल्या बेसवाल्यासाठी सर्वांत शहाणा जुगाड म्हणजे आठ ओहमची, बारा इंची, एकसारखी दोन कॅबिनेट. फार्महाऊसच्या हिरवळीवर चाळीस माणसांचं संगीत असेल तर एकच न्या. मोकळ्या मैदानात हळद असेल, साऊंडवाल्याने बेसचे पेटारे आणलेले नसतील, तर दोन्ही. दुसरं जोडल्यावर हेडची ताकद जवळजवळ दुप्पट होते, हवा ढकलणारा पडदाही दुप्पट. मिळून सहा डेसिबलपर्यंत फरक पडतो. आणि एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं, हेड पिशवीत, गिटार पाठीवर. फाटकापाशी गाडी अडवली की लॉनपर्यंतची वाट तुम्ही एका खेपेत चालून जाता. साठ किलोच्या कॅबिनेटला दोन माणसं लागतात, आणि हळदीच्या दिवशी तो दुसरा माणूस नेमका जेवायला बसलेला असतो.

वाहतुकीचं जुनी मंडळी हसण्यावारी नेतात. ‘आम्ही नाही का नेलं?’ नेलंत, टेम्पोतून, आणि टेम्पोचं भाडं ऑर्केस्ट्राच्या मालकाने दिलं. आज चार-पाच जणांच्या छोट्या पार्ट्या आहेत. ज्याने त्याने आपलं सामान आणायचं. लोधिवलीतून निघायचं म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून रिक्षा, एखाद्याची इको, नाहीतर आपली स्कूटर. दहा किलोचा कॉम्बो स्कूटरच्या पायाशी उभा राहतो. पनवेल-कर्जत मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. चौक स्टेशनवरून जड हेड घेऊन गाडीत चढायचा विचारसुद्धा कुणी करू नये.

विजेबद्दल तर सल्ला देणारे बोलतच नाहीत, आणि आमच्या इथे सगळ्यात आधी तिचंच बोललं पाहिजे. लग्नघरी लाईट आणि साऊंड जनरेटरवर. हॅलोजन, कारंजं, आइस्क्रीमचा फ्रीजर सगळं त्याच्यावरच. स्टेजचे फोकस लागले की व्होल्टेज बसतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पला 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर त्याची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास येते. ट्यूबचं हीटर तर गारठतंच. म्हणजे ज्या ऊबेसाठी चाळीस किलो आणले ती जनरेटरवाल्याच्या मर्जीवर! चांगल्या स्विचिंग सप्लायला याचं फारसं सोयरसुतक नसतं. घेताना मागची पट्टी वाचा. ‘100 ते 240 व्होल्ट’ लिहिलं असेल तर 180 ला तो कुरकुरत नाही. काही अ‍ॅम्पवर मात्र 115 आणि 230 असा खटका असतो. त्यावर चिकटपट्टी लावून टाका, नाहीतर कुणाचं तरी बोट लागेल आणि तुमचा अ‍ॅम्प जळून जाईल.

आता विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा, जो ते क्वचित मांडतात: दुरुस्ती. जुना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प बिघडला तर मोहोपाड्याचा किंवा खोपोलीचा कारागीर तो उघडतो, जळका पार्ट ओळखतो, लॅमिंग्टन रोडवरून आणून टाकतो. अहुजाचे भोंग्याचे अ‍ॅम्प्लिफायर गावोगाव पिढ्यान् पिढ्या असेच चालू आहेत. क्लास डीच्या बोर्डावर मोहरीएवढे पार्ट असतात, तिथे त्याच्या कावियाचं टोक पोचत नाही. अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं, ते कंपनीकडून येतं, आणि सीझन निघून जातो. हा आक्षेप मला मान्य आहे, पूर्ण मान्य. पण त्यातून ट्यूबचा पक्ष सिद्ध होत नाही. पॉवर ट्यूबचा जुळवलेला संच आणि त्याचं बायस लावणारा माणूस मोहोपाड्यात मिळतो का? दुरुस्तीसाठीच जड घ्यायचा असेल तर जुना ट्रान्झिस्टरवाला घ्या, आणि मग ऊबेची गोष्ट काढू नका. हलका घेणाऱ्याने दोन पथ्यं पाळावीत. सर्व्हिस देशात मिळते का, हे बिलावर शिक्का पडण्याआधी विचारावं. आणि पिशवीत डीआयचं आऊटपुट असलेला छोटा बेस प्रीअ‍ॅम्प पेडल कायम ठेवावा. अ‍ॅम्प ऐन हळदीत गेला तर वायर पेडलमधून थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला, आणि तुमच्यापुढे मॉनिटर. आपण एक गाणं सोडलं हे नवरदेवाच्या मामालाही कळत नाही. जेमर्सन स्टुडिओत अ‍ॅम्पशिवायच वाजवत होते, हे पुन्हा सांगायला नको.

राहिला प्रश्न निवडायचा. दुकानातली काचेची खोली फसवी असते. तिथे तुम्ही एकटे असता, भिंती जवळ असतात, आणि भिंतीशेजारी ठेवलेला कुठलाही स्पीकर खालचे स्वर फुगवून दाखवतो. एकट्याने ऐकलेला सर्वांत ऊबदार अ‍ॅम्प मांडवात पहिल्या गाण्याला गायब होतो, कारण ढोलकीचा धुमा आणि ऑक्टोपॅडचा किक नेमका त्याच पट्ट्यात बसलेला असतो. बेस आणि ट्रेबल वर, मिड खाली, हा दुकानातला लाडका चेहरा मांडवात मरतो. तुमची स्वतःची गिटार न्या, स्वतःची वायर न्या. सगळे नॉब मध्यावर ठेवा. खालची ई तार छेडून पूर्ण विझेपर्यंत थांबा, आवाज गळतो की आपसूक मावळतो ते ऐका. मग मिड थोडा वर करून पाहा. बरा अ‍ॅम्प त्यावर नाकात बोलत नाही, पुढे येतो. हेड आवडलं तर ते ज्या कॅबिनेटवर ऐकलंत तेच विकत घेणार आहात ना, हेही विचारा, कारण दुकानदाराने खुबीने त्याला मोठ्या पेटीवर लावलेलं असतं.

आणि शक्य झालं तर ढोलकीवाल्याला सोबत न्या. खोली छोटी आहे, गिऱ्हाईकं आहेत म्हणून दुकानदार कुरकुर करील. दोन मिनिटांचं काम आहे म्हणून सांगा. एक लावणीचा ठेका, त्यावर तुमचा बेस, अ‍ॅम्प बदलून पुन्हा तोच ठेका. ढोलकीवाल्याचं रेल्वेचं तिकीट आणि वडापाव तुमच्याकडे.